घुबडांचं रबरी कुंपण

परवा मामांचा फोन आला होता. पाऊसपाणी, आत्याचा गुडघा, कुणाकुणाची लग्नं असं सगळं बोलून झाल्यावर एकदम म्हणाले, "अगं, ती तुझी घुबडं यंदा आली नाहीत बरं का. एक पण नाही."

"तुझी घुबडं" ह्या शब्दांमागे एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही भिगवणला रोहित पक्षी बघायला गेलो होतो. परत येताना मामांकडे मुक्काम केला. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या बाजूला त्यांचं शेत आहे आणि शेताला लागून मैलभर पसरलेलं माळरान. संध्याकाळी त्या माळावर भटकत होतो. गुडघाभर वाळलेलं गवत, मधूनमधून एखादी बाभळ. आणि अचानक पायापासून चार हातांवरून काहीतरी मोठं, पिवळट-तपकिरी, आवाज न करता उठलं. मग दुसरं. मग तिसरं. मोजले तेव्हा नऊ भरले. थोडं लांब जाऊन परत गवतात बसले, आणि त्यांतल्या एकाने मान वळवून पिवळ्याधमक डोळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

घुबडं! उजेडात, जमिनीवर, आणि घोळक्याने! मामा जन्मापासून त्या माळावर वावरलेले, पण त्यांनीही इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. (मामी म्हणाल्या, लक्ष्मीचं वाहन खरं, पण आपल्या कौलावर बसायला नको.) तेव्हा मामांनी मला विचारलं होतं, "काय गं, एवढ्या माळात अशी किती घुबडं मावतील?"

मी पुस्तकं वाचणारी भाची, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. काहीतरी गुळमुळीत बोलले आणि विषय बदलला. पण तो "मावतील" शब्द डोक्यात राहिला. माळ म्हणजे जणू एक डबा, आणि त्यात घुबडांचे लाडू.

आता फोनवर मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दोन माणसं येऊन माळाची पाहणी करून गेली. एक दिवस हिंडली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मामांना सांगून गेली की इथे विशेष पक्षी वगैरे नाहीत. माळावर पुढे काय करायचं ठरलंय ते मामांना नीट कळलेलं नाही, झाडं लावणार असं कुणी म्हणतं, आणखी काही असं कुणी म्हणतं. पण मामांचा आवाज जरा पडलेला होता. "मी त्यांना म्हणालो, हितं घुबडं असतात. तर म्हणाले, दाखवा. आता कुठून दाखवू?"

म्हणून हे लिहितेय. मामांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी बरंच वाचत गेले, आणि ते थेट स्कॉटलंडच्या डोंगरांत सापडलं. तिथे का, तर ह्या पक्ष्याने जिथे घरटी केली आणि माणसांनी जिथे ती चिकाटीने मोजली, त्या जागांपैकी ती एक. आपल्याकडे हा पक्षी फक्त हिवाळी पाहुणा. उत्तरेकडून, हिमालय ओलांडून येतो, आणि उन्हाळा लागायच्या आत परत जातो. स्कॉटलंडची घुबडं काही कडबनवाडीला येत नाहीत, पण जात तीच. इंग्रजीत शॉर्ट-इअर्ड आउल, आपण आखूड कानांचं घुबड म्हणू. ('कान' म्हणजे डोक्यावरचे पिसांचे दोन बारके तुरे. खरे कान वेगळेच असतात, आणि तुरे इतके छोटे की बहुतेक वेळा दिसतच नाहीत.)

हे घुबड आपल्या घुबडाच्या कल्पनेत बसत नाही. वडाच्या ढोलीत राहत नाही, जमिनीवर गवतात उकरून घरटं करतं. दिवसाउजेडी शिकार करतं. आणि विणीच्या दिवसांत नर उंच आभाळात चकरा मारतो, बू-बू-बू असा खोल आवाज काढतो आणि मध्येच पंख पोटाखाली एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवतो. टाळ्यांचा अर्थ दोन प्रकारचा. मादीसाठी "ये", आणि शेजारच्या नरासाठी "ही हद्द माझी".

ती हद्द केवढी, हाच सगळा प्रश्न.

सुरुवात फार मागून करते, कारण गोष्ट छान आहे. १५८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, साउथमिन्स्टर गावाजवळच्या खाजणात, नोव्हेंबरच्या तोंडाशी उंदरांचा सुळसुळाट झाला. गवत मुळापासून कुरतडून टाकलं, गुरं मेली, माणसांचे उपाय थकले. आणि मग कुठूनशी घुबडं आली. त्या भागात कधी न दिसलेली, अंगावर रंगकाम केल्यासारखी घुबडं, असं जुन्या बखरवजा पुस्तकांत लिहिलंय. त्यांनी उंदीर फस्त केले आणि निघून गेली. सतराव्या शतकातल्या एका पुस्तकात असंच पुन्हा १६४८ साली झाल्याची नोंद आहे. ही घुबडं नेमकी कुठली हे त्या लेखकांना ठाऊक नव्हतं, पण वर्णन वाचून जाणकार आखूड कानांच्या घुबडाकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे असं झालं असतं तर तिथे देऊळ उभं राहिलं असतं!

ह्या जुन्या गोष्टीतच सगळं कोडं आहे. काल शून्य घुबडं होती. आज शेकडो. उद्या परत शून्य. मग त्या खाजणात घुबडं "मावतात" किती?

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. स्कॉटलंडची दक्षिण सीमा, डमफ्रीस आणि रॉक्सबरो परगण्यांतले गवताळ डोंगर. सगळा मेंढपाळांचा मुलूख. आपल्या धनगरांना आवडेल असा, फक्त थंडी सोसायची तयारी हवी. तिथल्या गवतात व्होल नावाचा प्राणी राहतो. उंदराचाच भाऊबंद, पण गुबगुबीत, बोथट नाकाचा, आखूड शेपटीचा. वजन जेमतेम तीस ग्रॅम. गर्भ तीन आठवड्यांचा, एका वेळी चार-पाच पिल्लं, आणि ती पिल्लं काही आठवड्यांत स्वतः आई-बाप. एखादं वर्ष अनुकूल गेलं की काय होत असेल ह्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

१८७५-७६ साली त्या डोंगरांत व्होलांची एक धाड येऊन गेली होती. १८९० पासून दुसरी सुरू झाली, आणि ती फार मोठी निघाली. एस्कडेलम्यूरसारख्या खोऱ्यांत डोंगरच्या डोंगर पिवळे पडले. व्होल गवताचा बुंधा खातो, त्यामुळे वरचं पातं नुसतं सुकून पडतं. हिवाळ्यात मेंढ्यांना चरायला काही उरेना, कोकरं मरू लागली, विकतचा चारा आणावा लागला. मेंढपाळ कुत्री घेऊन आणि लाकडी फावडी घेऊन व्होल मारत डोंगर पालथे घालत होते. समुद्राचं पाणी वाटीने उपसण्यातला प्रकार.

१८९२ साली सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष सर हर्बर्ट मॅक्सवेल, हे तिकडचेच खासदार. चिटणीस जेम्स हार्टिंग, ज्यांनी शेक्सपियरच्या नाटकांतल्या पक्ष्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. (मला हा माणूस न भेटताच आवडला.) समितीपुढे शेतकरी, मेंढपाळ, जमीनदारांचे कारभारी साक्षीला आले. बऱ्याच शेतकऱ्यांचं म्हणणं एकच होतं, की दोष शिकारीच्या राखणदारांचा. बड्या जमीनमालकांना शिकारीसाठी ग्राउस पक्षी हवेत, म्हणून त्यांचे राखणदार वर्षानुवर्षं घुबडं, ससाणे, मुंगसासारखे दिसणारे वीझल, जे दिसेल ते गोळ्या घालून आणि सापळे लावून मारत होते. मारलेल्यांची रांग कुंपणावर टांगून ठेवायची पद्धत होती, मालकाला हिशोब दिसावा म्हणून. व्होल खाणारेच मारले तर व्होल वाढणारच, असा साधा तर्क.

पण साक्षीदारांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घुबडं परत आली होती! आखूड कानांची घुबडं, जी त्या भागात हिवाळ्यात थोडीफार दिसायची आणि एखाद-दुसरी जोडी घरटं करायची, ती आता डोंगराडोंगरांवर अंडी घालत होती. पीटर अडेअर नावाच्या गृहस्थांनी ह्याच्या नोंदी ठेवल्या आणि १८९२-९३ मध्ये स्कॉटलंडच्या निसर्गविषयक नियतकालिकात छापल्या. घरटी जवळजवळ होती आणि घरट्यांत अंडी नेहमीपेक्षा जास्त होती. ह्या घुबडाचं एरवीचं प्रमाण चार ते आठ अंडी. उंदरांचा सुकाळ असला की दहा-बारा, क्वचित त्याहूनही जास्त. शिवाय पहिलं अंडं पडताच मादी उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एकामागून एक फुटतात आणि एकाच घरट्यात थोरला-धाकटा असा लहानमोठा गोतावळा असतो. सुकाळात सगळे जगतात. दुष्काळात धाकटे उपाशी मरतात, कधी थोरल्यांच्या पोटात जातात. ऐकायला वाईट वाटतं, पण हा घुबडाचा अंदाजपत्रक बसवायचा मार्ग.

ह्यातला विनोद असा की हे डोंगरावर चालू असताना समितीचं लक्ष दुसरीकडेही होतं. घटसर्पाचा जंतू शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ लोफलर ह्यांनी १८९२ मध्ये ग्रीसमधल्या थेसली प्रांतात व्होलांवर एक जंतू वापरून पाहिला होता. जंतूंच्या पाण्यात भिजवलेले पावाचे तुकडे शेतात टाकायचे, व्होल ते खाऊन आजारी पडतात आणि रोग पसरतो. फार गाजावाजा झाला. मग मॅक्सवेल आणि हार्टिंग स्वतः थेसलीला जाऊन आले, आणि ऐकलं तेवढं काही तिथे नाही असा निष्कर्ष काढून परतले. समितीच्या अहवालाचा रोख शेवटी घुबडं, वीझल वगैरे व्होलांच्या शत्रूंना जगू द्या असाच राहिला. घुबड चांगलं की वाईट ह्या प्रश्नावर सरकारी कागदाने घुबडाची बाजू घेतली, हे त्या काळात थोडंथोडकं नाही.

तोवर व्होल आपोआप ओसरायला लागले होते. आणि ते ओसरले तशी घुबडंही गेली.

मग घुबडांनी व्होल संपवले की व्होल संपले म्हणून घुबडं गेली? मेंढपाळ पहिलं म्हणत होते. ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनने पुढे आयुष्याची बरीच वर्षं ह्याच प्रश्नावर घालवली. त्याने १९४२ साली व्होल, उंदीर आणि लेमिंग ह्यांच्यावर एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात जुन्या धाडींच्या नोंदी अक्षरशः उकरून काढल्यात. त्याचा कल असा की शिकारी प्राणी भरपूर असलेल्या देशांतही अशा धाडी येतात आणि जातात, त्यामुळे सगळा दोष राखणदारांच्या बंदुकीवर टाकता येत नाही. मला मेंढपाळांची बाजू मनातून जास्त पटते, पण पुरावा एल्टनकडे आहे. असो.

ह्या दरम्यान हद्दीची कल्पना शास्त्रात येत होती. कल्पना तशी जुनीच. गरुडाच्या एका जोडीला मोठी जागा लागते आणि म्हणून ती दुसऱ्याला जवळ बसू देत नाही, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. पण पुस्तकभर मांडली ती एलियट हॉवर्ड नावाच्या इंग्रजाने, १९२० साली. हा पोलादाच्या धंद्यातला माणूस. पहाटे उठून पक्षी बघायचा आणि मग कामाला जायचा. त्याने म्हटलं, पक्षी गातो तो आनंदाने नव्हे, सातबारा वाचून दाखवतो. (शब्द माझे, मुद्दा त्याचा.) ह्या पुस्तकानंतर लोकांना वाटू लागलं की प्रत्येक जातीची एक ठरावीक हद्द असते, एवढ्या एकरांना एक जोडी. म्हणजे जमीन मोजली की पक्षी मोजले. मामांचा डबा आणि लाडू!

त्याला पहिला धक्का पाणपक्ष्यांनी दिला. ज्युलियन हक्सली एका तळ्यावरच्या कूट पक्ष्यांकडे, म्हणजे आपल्या चांदवा जातीकडे बघत होता. थंडीने तळं गोठत गेलं आणि मोकळं पाणी कमी होत गेलं, तसे पक्षी आपापल्या हद्दी आक्रसून घेऊ लागले. १९३४ साली त्याने लिहिलं की हद्द ही दगडी भिंत नसून रबरी चकतीसारखी असते. दाबली की लहान होते, पण जितकी दाबाल तितका विरोध वाढतो, आणि एका मर्यादेपलीकडे दबत नाही.

त्याच १९३४ साली रसेल गॉडर्ड नावाचा माणूस स्कॉटलंडच्या सीमेवर न्यूकासलटनजवळ घुबडं मोजत होता. इथे एक नवी भानगड होती. सरकारने तिथे जंगल लावायला घेतलं होतं. रोपं मेंढ्यांनी खाऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, मेंढ्या गेल्या, गवत माजलं, गवतात व्होल माजले, आणि घुबडं हजर. लावायला गेले झाडं, उगवली घुबडं :)

आणि मग आला तो अभ्यास, ज्याच्यामुळे मला मामांचं उत्तर मिळालं. स्टर्लिंगशायरमधलं कॅरन खोरं. तिथेही नवी लागवड, तिथेही १९५२ नंतर व्होलांची धाड. जेम्स लॉकी नावाच्या संशोधकाने तिथली घुबडं पाहिली आणि १९५५ मध्ये लेख लिहिला. १९५४च्या वसंतात तिथे तीस-चाळीस जोड्या होत्या. लॉकीने त्यांच्या टाळ्या, पाठलाग, मारामाऱ्या बघून हद्दी नकाशावर काढल्या. व्होल भरपूर होते तेव्हा एका जोडीची हद्द सरासरी अठरा हेक्टर, म्हणजे आपल्या हिशोबाने चव्वेचाळीस-पंचेचाळीस एकर. मग व्होल कोसळले. बऱ्याच जोड्या सोडून गेल्या. ज्या राहिल्या त्यांची हद्द सरासरी १३७ हेक्टर, जवळजवळ ३४० एकर झाली.

तेच खोरं, तेच गवत, तीच घुबडं. हद्द जवळजवळ आठ पट.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चहा करायला गेले, एवढा तो आकडा मला लागला. घुबड जमीन मोजतच नाही. घुबड उंदीर मोजतं! पंचेचाळीस एकरांत पोट भरत असेल तर तेवढ्यासाठीच भांडायचं, बाकीच्यासाठी कोण मारामारी करेल? आणि नाही भरलं तर शेजाऱ्याला हाकलायचं, किंवा स्वतः चालू लागायचं. कुंपण आहेच, पण ते रबराचं आहे आणि त्याचं दुसरं टोक व्होलांच्या हातात आहे.

सगळी घुबडं अशी नसतात हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्यावर कुणीतरी चुकीचं सामान्यीकरण केल्याचा ठपका ठेवेल. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात सदर्न नावाच्या संशोधकाने १९४७ पासून बारा-तेरा वर्षं टॉनी आउल ह्या रानघुबडांचा पाठपुरावा केला. सुमारे हजार एकर. १९४७च्या भयंकर हिवाळ्यानंतर सतरा जोड्या होत्या, त्या हळूहळू तीसच्या आसपास पोचल्या आणि तिथे स्थिर झाल्या. उंदीर वाढले काय, घटले काय, हद्दी जवळपास तशाच. मग वाईट वर्षी ही घुबडं काय करायची? अंडीच घालायची नाहीत. १९५८ साली एकाही जोडीने अंडी घातली नाहीत. जागा मात्र सोडली नाही.

म्हणजे दोन स्वभाव झाले. रानातलं घुबड वतनदार. पीक येवो न येवो, वाडवडिलांचा तुकडा सोडायचा नाही, वाटल्यास ह्या वर्षी घरात पाळणा नको. माळावरचं घुबड धनगर. चारा असेल तिथे वाडा टाकायचा, संपला की मेंढरं हाकलून पुढे. आमच्या बारामती-इंदापूरकडचे धनगर पावसाळा सरला की कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. त्यांच्या मुक्कामाच्या दिवशी माळावर येऊन माणसं मोजली तर एक आकडा येईल, महिन्याने मोजली तर शून्य. शून्य आलं म्हणून तिथे धनगर नसतात असं म्हणणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

ह्यावरून शास्त्रज्ञांतही मोठं भांडण झालं. ॲबर्डीनचे विन-एडवर्ड्स १९६२ साली म्हणाले की हद्द ही समाजाने स्वतःवर घातलेली शिस्त आहे, गर्दी होऊन अन्न संपू नये म्हणून पक्षी आपली संख्या आपणच आवरतात. ऑक्सफर्डचे डेव्हिड लॅक म्हणाले, छे, कोणी समाजासाठी आवरत नाही, प्रत्येक जण स्वतःच्या पिल्लांपुरतं बघतो आणि संख्या अन्नावर ठरते. पुढच्या पिढ्यांनी बहुतांशी लॅकच्या बाजूने कौल दिला. आमच्या घुबडाकडे बघून तरी मलाही तसंच वाटतं. कुठे शिस्त, कुठे समाज? पोटाचा हिशोब आहे सगळा.

फिनलंडच्या पश्चिमेला कोर्पिमॅकी आणि नॉर्डाल ह्या दोघांनी १९७७ ते १९८७ अशी अकरा वर्षं सत्तेचाळीस चौरस किलोमीटर शेतजमिनीवर घुबडं आणि व्होल दोन्ही मोजले. काही वर्षी आखूड कानांच्या घुबडाची एकही जोडी नाही, काही वर्षी डझनांनी. आणि महत्त्वाचं म्हणजे मध्ये उशीर नाही. व्होल वाढले त्याच वसंतात घुबडं हजर, पुढच्या वर्षी नव्हे. आधीच्या वर्षीच्या पिल्लांनी वाढलेली ही संख्या नव्हती, कुठून कुठून उडत आलेली होती. त्यांना कळतं कसं? बहुधा कळत वगैरे काही नसेल. हिंडत राहायचं, आणि जिथे गवत पायाखाली सळसळतं तिथे थांबायचं.

आता थोडं त्या डोंगरांबद्दल. एस्कडेलम्यूरचं नाव शोधलंत तर आधी १९०८ पासूनची भूचुंबकीय वेधशाळा सापडेल, मग एक तिबेटी बौद्ध मठ (हो, स्कॉटलंडमध्ये, १९६७ पासून), आणि मग जंगल. ज्या डोंगरांवर १८९२ साली घुबडं टाळ्या वाजवत होती, त्यांतल्या बऱ्याच भागावर १९६०-७० नंतर सिटका स्प्रूसची लागवड झाली. लागवडीची पहिली दहा-पंधरा वर्षं घुबडांना दिवाळी, न्यूकासलटन आणि कॅरनसारखी. त्यानंतर झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडतात, खाली अंधार होतो, गवत मरतं, व्होल जातात. ह्या वेळी मात्र घुबडांना परत यायला जागा उरत नाही. कुंपण रबरी असलं तरी ताणायला जमीन लागतेच.

लागवडीच्या पाचव्या वर्षी तिथे कुणी पाहणी केली असती तर त्याने काय लिहिलं असतं? "झाडं लावल्याने घुबडं वाढली." आकड्यात चूक काहीच नाही.

आपल्या माळावरच्या घुबडांचं गणित थोडं वेगळं आहे, हे कबूल करायला हवं. ती इथे अंडी घालत नाहीत, त्यामुळे टाळ्या नाहीत. विणीच्या दिवसांतला तो कडक शेजारधर्म हिवाळ्यात सैल होतो, दिवसा गवतात एकत्र मुक्काम करतात, म्हणून तर मला नऊ एका जागी सापडली. पण यायचं की नाही, थांबायचं की पुढे जायचं, हे इथेही उंदरांवरच. ज्या वर्षी आम्ही ती पाहिली त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, ज्वारीत उंदरांनी उच्छाद मांडला होता आणि मामा रोज सापळे लावत होते. हे मला तेव्हा जोडताच आलं नव्हतं. आता आठवतंय.

मी हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. स्कॉटलंड, व्होल, अठरा हेक्टर, १३७ हेक्टर. मामा मध्ये मध्ये "हां हां" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर काय?"

मी म्हटलं, "मामा, यंदा उंदीर कितपत आहेत?"

"यंदा नाहीतच गं. पाऊस कुठं झाला?"

"मग ते लिहून ठेवा. तारीख, पाऊस, उंदीर, घुबडं. यंदाचं शून्य पण लिहा. आणि त्या वर्षीचे नऊ पण लिहा, मी तारीख शोधून देते, फोटोंवर असेल."

"कशात लिहू? माझ्याकडं दुधाची वही आहे नुसती."

"चालेल की. मागच्या पानापासून सुरू करा."